कोणाच्या हातचं पान

दिवाळीच्या सुट्टीत तर्षिनीनं आजीला, नेनेकला, डीएनए तपासणीच्या नळीत थुंकायला लावलं, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त नेनेकच हसली होती. विडा खायचा नाही, पाणी प्यायचं नाही, अर्धा तास तोंड मिटून बसायचं आणि मग बोटाएवढी नळी भरायची. "जन्मभर मला सांगितलंत, पिंका टाकू नको," ती म्हणाली होती, "आणि आता माझीच थुंकी डबीत घालून परदेशी धाडताय."

आजीचं रक्त कुठकुठल्या बंदरांतून आलं ते बघावं, एवढाच तर्षिनीचा बेत होता. मलाकाच्या चेट्टी वस्तीत ही गोष्ट कुणाला लपवायची नव्हती. तमिळ देशातून आलेल्या व्यापाऱ्यांनी इथल्या बायका केल्या त्याला काही शतकं झाली. देव तमिळ राहिले, बोली मलय झाली, आणि चेहऱ्यांचं तर विचारूच नये. एकाच घरात एक भाऊ काळा कुळकुळीत, तर दुसरा लिंबासारखा. नेनेकचे डोळे बारीक आणि रंग उजळ होता, पण तसे डोळे आणि तसा रंग आजूबाजूच्या घरांतही होता. कुणी कधी वळून पाहिलं नव्हतं.

आज पोंगलचा आदला दिवस. तर्षिनी परसात केळीची पानं पुसत बसली होती. आज परचू. घरातून गेलेल्या माणसांना आज जेवायला बोलवायचं. एकेकाच्या नावानं एकेक पान, आणि पानावर त्याला जे आवडायचं तेच. पणजी उन्नामलाईला चिंचेच्या रश्श्यातली मासळी, पणजोबांना नारळाच्या दुधातला भात, आजोबांच्या पानाशेजारी काळी कॉफी, बिनसाखरेची. घर उन्नामलाईचं, तिच्या मागे नेनेकचं. आजोबा या घरात जावई म्हणून आले आणि इथलेच झाले; त्यांचं पान तेवढं त्यांची मुलं मांडायची.

"अप्पा, कोयता ठेवा जरा," तर्षिनी म्हणाली. "मला काही दाखवायचंय. आत्या, तूही ये."

सिदम्बरमनं कोयता केळीच्या बुंध्याला टेकवून ठेवला. त्याची बहीण विसालाची बालवाडीत शिकवायची. कुणी बोलावलं की आधी चष्मा पुसायचा, ही तिची सवय. ती चष्मा पुसत आली.

"हे माझं," तर्षिनीनं फोन पुढे धरला. "बघा, किती रंग आहेत. हे तमिळ, हे मलय, हे जावा, आणि हा चौथा हिस्सा चिनी. आता नेनेकचं."

फोनवर एकच रंग होता.

"हे भरायचं राहिलंय वाटतं," सिदम्बरम म्हणाला.

"भरलंय, अप्पा. सगळं दक्षिण चीन."

"मग नळ्यांची अदलाबदल झाली असेल."

"नाही झाली. मी तिची नात आहे हेसुद्धा त्यात दिसतंय. नेनेक माझी आजी आहे. तुमची आई आहे. फक्त ती उन्नामलाईची मुलगी नाही."

विसालाचीनं चष्मा घातला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि वर्गातल्या मुलाला विचारावं तसं हळू विचारलं, "आणि हे खाली काय लिहिलंय, राजा?"

खाली एक निरोप होता. म्वार गावाहून स्यू लान नावाच्या बाईनं तो डिसेंबरातच पाठवला होता. तर्षिनीनं वाचून दाखवला. 'माझ्या आईची धाकटी बहीण जपान्यांच्या वेळी मलाकाच्या चेट्टींकडे दिली होती. तुमची आजी तीच असावी असं इथे दिसतं. आईचं वय झालं आहे. उत्तर द्या.'

"उत्तर दिलंस?" सिदम्बरमनं विचारलं.

"नाही. असं काही फोनवर कसं सांगायचं? म्हटलं, घरी येऊन सांगू."

"मग आता देऊही नकोस. निदान आज तरी नको."

"आबांग," विसालाची मोठ्या भावाला म्हणाली, "ती बाई थांबली आहे."

"थांबू दे. विसाला, माकचा, आपल्या आईचा नियम काय आहे ते तुला मी सांगायला हवं? मेलेलं माणूस आपल्या रक्ताच्या हातचंच जेवतं. रोगिणी माझ्याशी लग्न करून या घरात आली तेव्हापासून रोजचा स्वयंपाक करते, पण परचूच्या पानाला माकनं तिचा हात लागू दिलेला नाही. का, तर ती सेरेंबानची, दुसऱ्या घरची." तो थांबला. "तोच नियम आता ती स्वतःला लावेल. लावल्याशिवाय राहणार नाही. आणि परचू तिच्या हातातून गेलं तर तिच्या हातात राहतं काय?"

"आणि देवळाच्या पंचांत जुन्या घराण्याची म्हणून तुझी खुर्ची आहे, तेही सांगून टाक."

"तेही आहे. नाही कशाला म्हणू?"

"मग यात माकची काळजी किती आणि खुर्चीची किती?"

"ते मी वजन करून बघितलेलं नाही," सिदम्बरम म्हणाला आणि पुन्हा कोयता उचलला. "पानं कमी पडताहेत. आत जा, माकला काही बोलू नकोस."

*

विसालाची आत आली तेव्हा पाक्कियम, म्हणजे मुलांची माक आणि नातवंडांची नेनेक, पाटावर बसून नारळ खवत होती. खवणीचा आवाज एकसारखा चालू होता. तिनं वर न बघताच विचारलं, "काय झालं?"

"काही नाही."

"कान सोड."

विसालाचीनं डाव्या कानावरचा हात काढला.

"साखर चोरून खाल्लीस की असाच कान चोळायचीस. आता साखर तुला डॉक्टरनं बंद केली आहे, म्हणजे दुसरं काही आहे. सांग, नारळ सुकतोय."

विसालाचीला खोटं बोलता यायचं नाही. लहान मुलांना शिकवता शिकवता तिची ती सवयच मोडली होती. ती आईसमोर खाली बसली. बालवाडीत ती अवघड गोष्टींचे लहान तुकडे करून सांगायची, तसंच तिनं आताही सांगितलं. आधी नळीचं. मग रंगाचं. मग म्वारच्या बाईचं. प्रत्येक तुकड्यानंतर ती थांबली आणि आईला समजलं की नाही ते पाहिलं.

"म्हणजे उन्नामलाई माझी आई नव्हे," पाक्कियम म्हणाली.

"आईच होती. तिनं तुला जन्म दिला नाही, एवढंच."

"एवढंच," पाक्कियम म्हणाली.

तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. खोबऱ्याचा पांढरा चुरा बोटांच्या पेरांत अडकला होता. नारळ कसा धरायचा, खवणीला कुठे लावायचा, काळी पाठ लागायच्या आधी कुठे थांबायचं, हे या हातांना उन्नामलाईनं शिकवलं होतं, हातावर हात ठेवून. चिंचेचा कोळ आणि मिठाचा अंदाज तिचाच. उन्नामलाई गेली त्या वर्षी पाक्कियमनं तिचं पहिलं पान मांडलं, आणि तिची खात्री पटली होती की आई जेवली. कसं कळलं ते सांगता यायचं नाही, पण कळलं होतं.

मग ती जेवली कशी? की जेवलीच नव्हती? इतकी वर्षं आई दारापर्यंत येऊन, परकीच्या हातचं अन्न बघून, उपाशीच परत जात होती?

"माक," विसालाची म्हणाली. "बोल काहीतरी."

"पाणी घाल हातावर."

विसालाचीनं पाणी घातलं. पाक्कियमनं हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, नेसलेल्या सारोंगला पुसले आणि उठली.

"मासळी चिरून झाली आहे. कोळ केलाय. पुढचं ज्याला करायचं त्यानं करा," ती म्हणाली. "मी बाहेर बसते."

*

स्वयंपाकघरात चूल पेटलेली आणि चुलीपुढे कोणी नाही, असं या घरात परचूच्या दिवशी कधी झालं नव्हतं. सिदम्बरम दारात उभा राहिला.

"मी सांगितलं होतं," तो म्हणाला.

"सांगितलं होतंस," विसालाची म्हणाली. "आता पुढचं सांग."

"पानं तू मांड. तिची मुलगी आहेस."

"तिच्या हिशोबानं तिचंच रक्त चालत नाही, तर माझं कुठून चालणार? तुझंही नाही. आपलं सगळ्यांचं ते तिच्याकडूनच आलंय."

हा विचार सिदम्बरमच्या डोक्यात आला नव्हता. देवळात तो सात पिढ्यांची नावं एका दमात म्हणायचा. त्यातल्या किती आता त्याच्या राहिल्या?

रोगिणी ओट्याशी उभी राहून कांदे सोलत होती. आता सुरी खाली ठेवून तिनं कपात कॉफी ओतली.

"कुठे चाललीस?" सिदम्बरमनं विचारलं.

"बाहेर."

"तू नको जाऊस. तुझं आणि तिचं..."

"माझं आणि त्यांचं काय आहे ते आम्हा दोघींना माहीत आहे," रोगिणी म्हणाली. "तुम्ही चुलीकडे बघा. रस्सा उतू गेला तर त्यांना कोणाचंही रक्त चालणार नाही."

पुढच्या पडवीत नेनेक बाकावर बसली होती. समोरच्या घरांतून उदाचा वास यायला लागला होता. रोगिणीनं कॉफी बाकावर ठेवली आणि शेजारी बसली. रस्त्यावरून कुणी फुलं घेऊन गेलं, कुणी हात केला, नेनेकनं मान हलवली.

"तुलाही त्या पानांपासून मी लांब ठेवलं," नेनेक म्हणाली.

"ठेवलंत."

"राग आला असेल."

"दरवर्षी परसात जाऊन तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घालायचे. बरं वाटायचं."

"कुठल्या?"

"तमिळमधल्या. तुमच्या मलयमध्ये तेवढ्या जोराच्या नाहीत."

नेनेकचे ओठ किंचित हलले. तिनं कॉफीचा घोट घेतला. "मग आता घाल. आता मीपण ऐकते."

"आता कशाला? आता तुम्हीही माझ्यासारख्याच, बाहेरच्या. दोघी बाहेरच्या मिळून उठू आणि स्वयंपाक करू. नाहीतर तुमचा मुलगा करेल, आणि मग मेलेली माणसं या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाहीत."

"थट्टा करू नकोस, रोगिणी. नियम आहे."

"तुमचाच आहे. मी नियम मोडा म्हणत नाही. पाळाच म्हणते." रोगिणी तिच्याकडे वळून बसली. "रक्ताच्या हातचंच लागतं ना? मग तुम्हाला जन्म दिला ती बाई आता नसणारच. तिच्या नावचं पान तुम्ही कधी मांडलंत?"

नेनेकनं कप खाली ठेवला.

"तुमच्या नियमानं बघायचं तर एक बाई तुमच्या हातच्या घासासाठी जन्मभर थांबली आहे. आणि तुम्ही इथे कॉफी पिताय."

समोरच्या घरातलं लहान मूल पायरीवरून उतरून पुन्हा चढलं.

"तिचं पान कसं मांडू?" शेवटी नेनेक म्हणाली. "तिला काय आवडायचं ते मला माहीत नाही."

"म्वारला माहीत असेल," रोगिणी म्हणाली, आणि आत तोंड करून तर्षिनीला हाक मारली.

*

तर्षिनीनं निरोपाखालच्या नंबरावर फोन लावला आणि आवाज मोठा करून तो बाकावर ठेवला. पलीकडे आधी स्यू लान आली, मग बरीच खुडबुड झाली, मग कुणीतरी जोरात खोकललं.

"कोण?" म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. बाजारात बोलतात तसली मोडकीतोडकी मलय.

तर्षिनीनं नेनेकच्या पाठीवर हात ठेवला. सगळे दारात येऊन उभे राहिले होते. नेनेकनं फोनकडे पाहिलं, जणू त्यात कुणी बसलं आहे.

"मी मलाकाहून बोलतेय," ती म्हणाली. "आईला जेवायला काय आवडायचं?"

मग तो आवाज म्हणाला, "तू गेक सिम?"

"मी पाक्कियम."

"तू गेक सिम. मी गेक एंग. तुझी मोठी बहीण." पुन्हा खोकला. "केस पांढरे व्हायची वाट बघितलीस, मग फोन केलास, आणि पहिला प्रश्न जेवणाचा?"

"आज पान मांडायचंय तिचं. तासादोन तासांत. आवडायचं तेच मांडावं लागतं, आमच्यात तशी रीत आहे. म्हणून विचारते."

"रीत चांगली आहे," गेक एंग म्हणाली. "टॅपिओकाचा कंद ठेवू नकोस. युद्धात तोच खाल्ला, मग जन्मभर तोंडाला लावला नाही. भाताची पेज कर, रताळं घालून. आणि अंड्याचा पोळा, त्यात खारवलेला मुळा बारीक चिरून. मुळा आधी पाण्यात धू, नाहीतर खारट होईल."

"मला स्वयंपाक येतो."

"मुळ्याचा पोळा येतो?"

"तो नाही येत."

"मग ऐक की. तेल जास्त घाल. कडा करपल्यासारख्या लाल व्हायला पाहिजेत, आई कडाच आधी खायची. आणि पेज पातळ."

"किती पातळ?"

"भात मोडला पाहिजे, पण पाणी वेगळं दिसता कामा नये."

"पातळ पेज केळीच्या पानावर थांबणार नाही."

"पानावर ओतणार होतीस? आई काय मांजर आहे? वाटीत दे."

विसालाचीनं तोंडावर हात धरला. तर्षिनी उघडच हसली. नेनेक हसली नाही. ती फोनजवळ वाकून एकेक शब्द ऐकत होती, कपाळाला आठी घालून, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी नाकाच्या शेंड्यावरून खाली पडत होतं ते तिनं पुसलं नाही.

"नाव काय तिचं?" तिनं विचारलं. "हाक मारावी लागते."

"लिम स्वी कियाव."

नेनेकनं ते नाव हळूच म्हणून पाहिलं. चुकलं. गेक एंगनं दुरुस्त केलं. पुन्हा चुकलं, पुन्हा दुरुस्त केलं. तिसऱ्या वेळी गेक एंग म्हणाली, "चालेल. तिला कळेल."

फोन बंद झाल्यावर नेनेक उठली. "तर्षिनी, कोपऱ्यावरच्या चिनी दुकानातून मुळा आण. रोगिणी, रताळी सोल. सिदम्बरम कुठे आहे? लाकडं आत घ्यायला सांगा."

सिदम्बरम नव्हता. गाडीही नव्हती.

"रुसला," विसालाची म्हणाली. "लहानपणी झाडावर जाऊन बसायचा, आता गाडी आहे."

*

म्वारचा रस्ता सिदम्बरमला पाठ होता. स्यू लानच्या निरोपात नंबराखालीच पत्ता होता; तर्षिनीनं फोन लावला तेव्हाच त्यानं तो बघून ठेवला, आणि कुणाला काही न सांगता निघाला. का निघाला ते त्याला नीट सांगता आलं नसतं. त्यानं फोनवरचं सगळं दारातून ऐकलं होतं. त्याच्या आईला कुणी 'मग ऐक की' म्हणालेलं त्यानं आजवर ऐकलं नव्हतं. घरात सगळ्यांना सांगणारी तीच. आज तिला सांगणारं कुणी होतं.

नदीजवळच्या एका जुन्या दुकानावरच्या घरापुढे एक म्हातारी फुलाफुलांचा सदरा घालून, मांडीवर पिशवी घेऊन खुर्चीत बसली होती. तिनं मान वर केली आणि सिदम्बरमचा पाय गाडीच्या दारातच थांबला. आईचा चेहरा. आईचे डोळे, आईची हनुवटी, फक्त कपाळाला कुंकू नाही आणि केस कापलेले.

"तुम्ही तयार होऊन बसलात?" तो कसाबसा म्हणाला. "मी येतोय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी तुझी वाट बघत नव्हते," गेक एंग म्हणाली. "टॅक्सीची बघत होते. तू कोण?"

"तुमच्या बहिणीचा मुलगा."

ती त्याच्याकडे बघत राहिली. पाय, हात, काळा रंग, कपाळावरची विभूती. "बराच मोठा झालायस," ती म्हणाली आणि गाडीत बसली. स्यू लान मागे बसली.

वाटेत सिदम्बरमनं विचारलं. त्याला ते आईच्या समोर विचारायचं नव्हतं. "तिला का दिली?"

"आईचं दूध आटलं," गेक एंग म्हणाली. तिला ही गोष्ट सांगायची जुनी सवय असावी. आवाज हलला नाही. "बापाला सैनिकांनी ट्रकमध्ये घालून नेलं. आम्ही मलाकाला पळालो, मामाकडे. मी भाताची पेज पीत होते, बाळाला ती पचेना. बाजारात एक चेट्टी बाई फुलं विकायची. तिचं मूल नुकतंच गेलं होतं. तिच्याकडे दूध होतं. आईनं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं, आणि ते प्यायला लागलं. मी बघितलंय. इतकं प्यायलं की पिता पिता झोपलं."

सिदम्बरमनं पुढच्या वळणावर गाडी हळू केली.

"परत न्यायला नाही आल्या?" त्यानं विचारलं.

"युद्ध संपल्यावर आली होती. तुमच्या त्या वस्तीत. पोर अंगणात खेळत होतं, केसांत फुलं माळलेली. पोरीनं त्या फुलवाल्या बाईला 'माक' म्हणून हाक मारली. आई तशीच परत फिरली. घरी येऊन म्हणाली, गुबगुबीत झाली आहे." गेक एंगनं पिशवी मांडीवर सरळ केली. "आई गेल्यावर मी येऊन गेले एकदा. कुणाचं नाव माहीत नाही, कुणाला काय विचारू? देवळापर्यंत गेले आणि बस धरून परत आले."

सिदम्बरमनं गाडीचा वेग थोडा वाढवला.

*

ऊन उतरायला लागलं तेव्हा पुढच्या दालनात सगळी पानं तयार होती. रोगिणी नेहमीच्या सवयीनं स्वयंपाकघराच्या दारात, उंबऱ्याच्या आत थांबली होती.

नेनेकनं सगळ्यांत आधी नवं पान मांडलं. वाटीतली पेज पानावर ठेवली, शेजारी पोळा. कडा लाल होत्या. खाली वाकून तिनं ते नाव उच्चारलं. या वेळी ते बरोबर आलं असावं, कारण ती लगेच उठली नाही.

मग ती दुसऱ्या पानाकडे वळली. हे उन्नामलाईचं. तिनं ते उचललं आणि तशीच उभी राहिली.

"रोगिणी," ती म्हणाली. "हे दुसरं टोक धर."

रोगिणी पुढे आली. तिनं हात पुसले, उगाच पुन्हा पुसले, आणि पानाचं टोक धरलं.

"तिकडे नाही, डावीकडे. इतकी वर्षं बघत होतीस ना?"

"लांबून बघत होते."

"आता जवळून बघ."

दोघींनी मिळून पान खाली ठेवलं. चिंचेच्या रश्श्यातली मासळी रोगिणीनं वाढली, भात नेनेकनं. आजोबांच्या पानाशेजारची कॉफी तर्षिनीनं ठेवली. उदाचा धूर दालनात भरला. सगळ्यांनी हात जोडले, मग एकेक जण मागं न बघता बाहेर आलं, आणि नेनेकनं दार ओढून घेतलं. आता पितर जेवणार. तोवर जिवंत माणसानं आत जायचं नाही.

ती दाराला पाठ करून वळली, तेव्हा गाडी येऊन थांबली होती.

सिदम्बरमनं हात देऊन म्हातारीला उतरवलं. समोरच्या घराचे लोकही पडवीत येऊन बसले होते; त्यांच्याही आत जेवण चालू होतं. त्यांच्यातला म्हातारा, देवळातला मोठा पंच, मान लांब करून बघत होता.

"पाहुणे कोण, सिदम्बरम?" त्यानं हाक मारून विचारलं.

सिदम्बरमनं विसालाचीकडे पाहिलं. ती चष्मा पुसत होती.

"मावशी," तो रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "माकची सख्खी थोरली बहीण. म्वारहून आणली."

"चिनी दिसताहेत."

"आहेतच. माकही आहे."

म्हाताऱ्यानं नेनेककडे पाहिलं. "तरीच," तो म्हणाला. "तुझ्या आईला लहानपणापासून आमच्यासारखं घामोळं कधी आलं नाही." आणि त्यानं बायकोला परसातल्या चुलीवर चहा टाकायला सांगितला, सगळ्यांसाठी.

गेक एंग पायऱ्या चढून वर आली. दोघी बहिणी समोरासमोर उभ्या राहिल्या. एकीच्या अंगावर सारोंग, दुसरीच्या अंगावर फुलाफुलांचा सदरा. कुणीच पुढे झालं नाही. मग गेक एंगनं हात वर करून नेनेकच्या कानाची पाळी दोन बोटांत धरली, बाळाची बघावी तशी दाबून पाहिली, आणि सोडली.

"आई आत आहे?" तिनं विचारलं.

"आत आहे. जेवतेय."

गेक एंग बंद दाराकडे वळली. तिला आत जायचं होतं हे सगळ्यांना दिसत होतं. तिनं हात दाराकडे नेलासुद्धा.

"आता नाही जायचं," नेनेक म्हणाली. "त्यांचं जेवण होईपर्यंत थांबायचं असतं." ती बाकावर बसली आणि शेजारची जागा हातानं झाडली. "आई सावकाश जेवायची का?"

"फार सावकाश," गेक एंग म्हणाली. "सगळ्यांत शेवटी उठायची."

"मग बस."